नुसतं शेजारी बसायचं

डॉक्टरांना माझ्या लहानपणाचा साक्षीदार हवा होता. आजचं तुमचं मला दिसतंय, पण शाळेत असताना कशा होतात ते सांगणारं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. दादा पुण्यात, आणि असल्या कारणासाठी त्याला ऑफिसात फोन करायची माझी छाती नव्हती. उरले बाबा. मी धारला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर सरकवला.

डॉक्टर इंदूरचेच, मराठी. त्यांनी विचारलं, मुलगी वस्तू हरवायची का? बाबा म्हणाले, हो, कंपासपेट्या तर किती. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायची का? हो. बसल्या जागी चुळबुळ? हो. मध्येच भलतंच बोलायची? हो हो. बाबा उत्साहात सांगत होते. मुलीचं कौतुक चाललंय असाच त्यांचा सूर. शेवटी मात्र त्यांना शंका आली.

"पण डॉक्टरसाहेब, यात आजार कुठला आला? असं सगळ्यांचंच असतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुमचंही आहे का काका?"

"अर्थात. हिची आई वेगळी होती. पण तशी माणसं विरळा."

डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मला रडू येत होतं. माझं वय चव्वेचाळीस. देवासला घरीच बाग प्रिंटचे, म्हणजे धारकडच्या बाग गावी छापलेल्या कापडाचे, कुर्ते-दुपट्टे शिवून विकते. शिवून विकते म्हणजे कापते फार, शिवते थोडे. एका लग्नाची ऑर्डर माझ्याच्यानं पुरी झाली नव्हती. त्या कापलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून मी सकाळपासून रडत होते, तेव्हा नवऱ्यानं, नितीननं, मला गाडीत घातलं होतं. त्याला वाटलं डिप्रेशन असेल. मलाही तसंच वाटलं होतं. निघालं एडीएचडी.

मला वाटायचं हा वर्गात बाकावर उड्या मारणाऱ्या मुलांचा आजार. डॉक्टर म्हणाले, ती मुलं मोठी होतात ना. त्यांनी समजावलेलं मला इतकंच कळलं, की माझं लक्ष कमी नाही, ते माझ्या हातात नाही. जिथे चिकटतं तिथून निघत नाही आणि जिथे हवं तिथे बसत नाही. हे मी लिहिते आहे ते मोठ्या वयात हे नाव ऐकून घरी परत निघालेल्या माणसासाठी. त्या गाडीत कसं वाटतं ते मला माहीत आहे. आधी फार हलकं वाटतं. मग राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

क्षिप्रेच्या पुलावर नितीननं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "म्हणजे आता सगळ्याला हेच कारण."

*

नितीन वाईट नाही. कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर आहे, त्याची दुनिया भोंग्यावर चालते. वीस वर्षं त्यानं करपलेलं दूध प्यायलं, गॅस एजन्सीत स्वतः जाऊन नंबर लावले, माझ्या चाब्या शोधल्या. दर वेळी एक टोमणा मारला, पण शोधल्या. आता त्याला वाटत होतं, टोमणा मारायचा हक्कही आजाराच्या नावाखाली गेला.

माझं तर उलटच झालं. वेंधळी, धांदरट, बेपर्वा, हे सगळे शब्द मी इतकी वर्षं माझं नाव असल्यासारखे ऐकले होते. ते एकदम काढून घेतल्यावर आत काय उरतं ते मला कळेना. गोळी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी डोक्यातला हाट, तो आठवडी बाजार, उठल्यासारखं शांत वाटलं, आणि मी एक कुर्ता गळ्यापासून तुरपाईपर्यंत एका बैठकीत शिवला. मग भूक मेली, छाती धडधडायला लागली, डोस कमी झाला, आणि हाट पुन्हा भरला. आधीपेक्षा थोडा लहान भरला, एवढंच. गोळीनं सगळं सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोळीमुळे मी कामाच्या दारापर्यंत जाते. दार मलाच उघडावं लागतं, आणि तिथेच माझी बोंब.

म्हणून डॉक्टरांनी देवासच्या एका गटाचा नंबर दिला.

*

गटाला मी पहिल्यांदा गेले ती चुकीच्या रविवारी. दाराला कुलूप. बाहेर पायरीवर दोन माणसं आधीच बसलेली, तीही चुकीच्याच रविवारी आलेली. एक कोर्टातले वकील दुबेजी. दुसरे धामनोदचे राकेश भिया, हायवेवर ढाबा चालवणारे, दोन बस बदलून आलेले. त्यांनी मला जागा करून दिली आणि म्हणाले, "बैठो दीदी, सही जगह आई हो।" चव्वेचाळीस वर्षांत मला इतकं घरच्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं.

गट चालवते ती तरन्नुम. फिजिओथेरपिस्ट आहे, तिलाही हेच आहे, आणि तिच्या क्लिनिकच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. तिथे उशीर झाल्याबद्दल माफी मागायची नाही, असा नियम आहे. माफी मागण्यात अर्धा वेळ जातो, असं ती म्हणते. आधी थोडं बोलायचं. दुबेजींच्या हातून तारखा निसटतात, अशिलांनी पाठ फिरवली, आता बायको बोलत नाही. राकेश भियांनी ढाब्याच्या आधी बुडवलेल्या धंद्यांची गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग ते म्हणाले, वडील मरेपर्यंत मला आळशी समजत राहिले. त्यावर कुणी हसलं नाही.

आणि मग काम. प्रत्येकानं घरून एक टाळलेलं काम आणायचं, आणि सगळ्यांनी एकत्र बसून आपापलं काम करायचं. कुणी कुणाला मदत करत नाही, बोलत नाही. दुबेजी कागद लावतात, मी काजं करते, राकेश भिया मसाल्याची बिलं जुळवतात. नुसतं शेजारी बसायचं. मला आधी हे हास्यास्पद वाटलं. पण घरी महिनाभर न झालेली काजं तिथे तासात झाली. का होतं ते मला सांगता येणार नाही. शेजारी माणूस असला की मन खुंटीला बांधल्यासारखं जागेवर राहतं.

काजं करता करता मला एक चित्र आठवलं. धारचं आमचं घर, बाबा पेपर तपासताहेत, आणि शेजारी पाटावर आई वाती वळते आहे. बाबा सायन्सचे मास्तर. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची, पण कोर्स कधी पुरा व्हायचा नाही. पेपर तपासायला बसले की आई कापूस घेऊन शेजारी यायची. ती एक शब्द बोलायची नाही. आणि ती उठली की बाबाही उठायचे, मग तो गठ्ठा आठवडाभर तसाच पडायचा. आमच्या देवघरात वर्षाला पुरतील त्याच्या दहापट वाती असायच्या. आई फार धार्मिक म्हणून, असंच मी समजत होते.

*

आई गेल्यावर बाबा धारला एकटे राहत होते. पितृपक्षात आईच्या श्राद्धाला दादा पुण्याहून आला. त्याला दिसलं ते असं: पातेलं जळून काळं ठिक्कर, चाबी फ्रीजमध्ये, आणि गच्चीवरची टाकी वाहून वाहून भिंतीला ओल आलेली. श्राद्धाचे गुरुजी गेल्यावर त्यानं मला मागच्या अंगणात नेलं.

तो म्हणाला, हा विस्मरणाचा आजार आहे, हा वाढतच जातो. पुण्यात त्याच्या घराजवळ एक चांगली संस्था आहे, तिथे अशा माणसांची नीट काळजी घेतात. त्यानं चौकशीही केली होती. मी म्हटलं, दादा, बाबा आधीपासूनच असे आहेत. आई झाकून घेत होती, आता झाकायला कुणी नाही, इतकंच झालंय. माझ्या डॉक्टरांना दाखवू.

"तू तुझ्या आजाराचा चष्मा लावून सगळ्यांकडे बघतेस शुभा. उद्या घराला आग लागली तर?"

 मनातून मलाही भीती होती, की तो म्हणतो तेच खरं असलं तर? बाबांना वाचवायच्या नादात मी त्यांनाच धोक्यात टाकत असले तर?

बाबांनी ऐकलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, यंदा मी घट बसवणार. आमच्याकडे नवरात्रात अखंड दिवा असतो. तो शांत होता कामा नये, आणि घट बसले की घराला कुलूप घालत नाहीत, दिव्याला एकटं ठेवत नाहीत. इतकी वर्षं ते सगळं आई बघायची.

"दिवा मी सांभाळतो," बाबा दादाला म्हणाले. "शांत झाला तर निमूट तुझ्याबरोबर येतो. नाही झाला तर मला माझ्या घरी राहू दे."

विचार न करता पैज लावणं हे आमच्यासारख्यांचं लक्षण. दादानं मान डोलावली. त्याला खात्री होती. मी लगेच बाबांची बाजू घेतली, तीही विचार न करताच.

*

नवरात्र म्हणजे देवासला आमचा घाईचा मोसम. टेकडीवर देवीच्या दर्शनाची रीघ, आणि मला गरब्याच्या ऑर्डरी. घटस्थापनेला धारला जाऊन मी बाबांची मांडामांड करून दिली, तेलाचा डबा हाताशी ठेवला, स्वयंपाकाच्या बाईंना सांगून ठेवलं आणि परत आले. गटात ही गोष्ट मी सांगितलेली होतीच. तरन्नुमनं सगळ्यांना पाळ्या वाटून दिल्या. दिवसातून ठरल्या वेळी कुणीतरी धारला फोन करायचा आणि बाबूजींना तेलाची आठवण करायची.

आमच्या गटाच्या इतिहासात कुठलंच काम इतकं चोख झालं नाही. राकेश भिया ढाब्याच्या गल्ल्यावरून फोन करत, दुबेजी कोर्टाच्या आवारातून. "बाबूजी, तेल देखा?" बाबा म्हणत, "हां, अभी डाला।" मग बाबांनी काढलेला दिव्याचा फोटो ग्रुपवर येई. आम्ही सगळे भारावून गेलो होतो. ज्यांना स्वतःच्या गॅसची आठवण राहत नाही अशी माणसं शंभर किलोमीटरवरचा एक दिवा सांभाळत होती. दादाला मी रोज ते फोटो पाठवत होते. जरा ठसक्यातच पाठवत होते.

अष्टमीला दुपारी मी धारला पोचले. दार उघडं होतं, घट बसलेले म्हणून उघडंच असणार. आत दिवा छान जळत होता, काजळी काढलेली, वात पुढे सरकवलेली. दिव्याजवळ उशी आणि चादर. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बाबा पडलेले, एक हात अंगाखाली दुमडलेला.

ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलले ते असं: "शुभे, तेल घाल. मला उठता येईना."

मागून कळलं ते सांगते. दिव्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून बाबा पहिल्या दिवसापासून दिव्यासमोरून हलले नव्हते. झोप तिथेच. स्वयंपाकाच्या बाईंना त्यांनी उपास आहे म्हणून सुट्टी देऊन टाकली होती. फराळ करायला उठलं तर लक्ष उडेल, म्हणून उठलेच नाहीत. रोजची ब्लडप्रेशरची गोळी स्वयंपाकघरातल्या फळीवर, ती फळीवरच राहिली. त्या दुपारी पाणी प्यायला म्हणून उठले, ते उंबऱ्यातच भोवळ येऊन पडले. आम्ही एवढ्या जणांनी फोन केले, आणि प्रत्येकानं तेलाचं विचारलं. जेवलात का, असं एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

एवढी मोठी चूक फक्त आम्हीच करू शकतो. दिवा दिसला, की दिव्याच्या शेजारचा माणूस दिसत नाही.

*

हात मोडला होता, प्रेशर भलतंच चढलं होतं. धारच्याच दवाखान्यात भरती केलं. दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही. सलाइनच्या थेंबांकडे बघत बसायचं, डॉक्टर राउंडला येतात तेव्हा नेमकं आपण खाली चहाला गेलेलो असतो, आणि शेजारच्या खाटेच्या नातेवाईक बाई आपल्याला केळी देतात. त्या दिवशी ती केळी मला प्रसादासारखी वाटली.

बाबा पुन्हा पुन्हा दिव्याचं विचारत होते. मी काय सांगणार? आम्ही ॲम्ब्युलन्समधून निघालो तेव्हा दिवा एकटाच होता. मी म्हटलं, आहे बाबा, आहे. खोटंच सांगितलं.

दादाला कळवलं. तो मिळेल त्या विमानानं निघतो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. नितीनलाही फोन केला. शिफ्ट संपल्यावर येतो म्हणाला. संध्याकाळ झाली तरी त्याचा पत्ता नाही, फोन उचलेना. मी मनात त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग त्याचा फोन आला. तो धारच्या घरी होता.

"मी आलो तर दार उघडं, कोणी नाही, आणि दिवा चालू. दवाखान्यात तू आहेस, इथे कोणीच नाही. मग इथेच बसून राहिलो." पुढे म्हणाला, "दोनदा तेल टाकलं. बरोबर केलं ना? बाबांना सांग. आणि मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून नाही उचलला."

ज्या माणसानं क्षिप्रेच्या पुलावर मला ते वाक्य ऐकवलं होतं, तो ड्यूटीच्या कपड्यात, भुकेला, आमच्या देवघरात एका दिव्याजवळ बसला होता. मी आभार मानले तर म्हणाला, मी काय केलं, नुसता बसलो. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. सकाळी दादाला विमानतळावरून आणायला शेजाऱ्यांना दिव्याजवळ बसवून तोच गेला.

दादा खाटेजवळ आला तेव्हा बाबा म्हणाले, "दिवा शांत झाला नाही रे."

"दिव्याचं काय करायचं बाबा," दादा म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

पैज बाबांनी जिंकली होती आणि सगळे जण ती हरल्यासारखे बसले होते.

*

पुण्याला न्यायच्या आधी एकदा माझ्या डॉक्टरांना दाखवू, एवढं मी दादाकडून कबूल करून घेतलं. त्यांनी बाबांची स्मरणाची चाचणी घेतली, रक्त तपासायला पाठवलं, मग आम्हा तिघांना समोर बसवलं. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बाबा बसले होते. डॉक्टरांनी दादाला विचारलं, तुमचे वडील चाळिशीत कसे होते?

दादा सहसा मोजकं बोलतो. त्या दिवशी त्याचा बांध फुटला. तो म्हणाला, कसे होते सांगू? मी नऊ वर्षांचा होतो. शाळेच्या मास्तरांची मांडूला सहल होती, मला बरोबर नेलं होतं. शुभाला ताप होता म्हणून आई घरी. मांडूला हे पाण्याच्या जुन्या नळ्यांबद्दल सगळ्यांना सांगत बसले, सांगत सांगत जीपमध्ये चढले, आणि मला तिथेच विसरून धारला घरी आले. आईनं विचारलं, पोरगा कुठाय? तोवर मी मांडूच्या त्या गोरखचिंचेच्या झाडाखाली, इमली विकणाऱ्या बाईजवळ बसलेलो. ती मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, आएंगे बेटा, आएंगे. मला वाटलं होतं, आता कुणी येत नाही.

दादाचा आवाज कापत होता. मला ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कळत होती.

डॉक्टर हळूच म्हणाले, "म्हणजे तेव्हाही असेच होते."

 आपण रागाच्या भरात काय सांगून बसलो ते दादाला कळलं. मी महिनाभर ओरडून जे पटवू शकले नव्हते, ते त्याच्या स्वतःच्या जखमेनं सांगितलं होतं.

"तू निळा शर्ट घातला होतास," बाबा म्हणाले. ते दादाकडे बघत नव्हते, प्लास्टरकडे बघत होते. "एक बटण तुटलं होतं. मी येताना दिसलो तर तू पळत आला नाहीस, बसूनच राहिलास. मला आठवतं रे. रोज आठवतं."

 डॉक्टरांनी सावकाश सांगितलं, की आज तरी स्मरणाच्या आजाराची खूण दिसत नाही. पण वय आहे, पुढे लागणारच नाही असं मी म्हणणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. या वयात, या प्रेशरला एडीएचडीची गोळी देणार नाही. यांना जी सोय लागते ती यांची पत्नी करत होती. आता ती कुणी करायची, ते तुम्ही ठरवा.

*

पुण्याची दोन तिकिटं सोमवारची होती, दादाचं आणि बाबांचं. रविवारी मी बाबांना गटात नेलं. दादा म्हणाला मी बाहेर गाडीत थांबतो, पण तरन्नुम दारात आली आणि म्हणाली, "भिया, अंदर कुर्सी है।" तो शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला.

आधी दुबेजी उठले. ते बाबांपुढे हात जोडून म्हणाले, बाबूजी, आम्ही तेलाचं विचारलं, तुमचं नाही विचारलं. राकेश भियांनी तर वाकून बाबांचे पाय धरले. बाबांनी सगळ्यांचं ऐकलं. कुणाची नोकरी गेली, कुणाचा गॅस चालूच राहिला, कुणी पोराची फी भरायला विसरलं. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बघ. मी त्या डॉक्टरला काय म्हटलं होतं? असं सगळ्यांचंच असतं."

हॉल हसला. मीही हसले. शहात्तर वर्षांत या माणसाला ते सगळे पहिल्यांदाच एका ठिकाणी भेटले होते.

कामाच्या वेळी बाबांनी पिशवीतून आईचा कापसाचा डबा काढला. एका हातानं वात वळता येत नाही. ते मांडीवर कापूस धरून बोटानं प्रयत्न करत राहिले. कुणी मदतीला गेलं नाही, तसा आमचा नियम. दादाला नियम माहीत नव्हता. थोड्या वेळानं तो मागची खुर्ची उचलून बाबांच्या शेजारी आला. पण मदत त्यानंही केली नाही. लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत बसला.

निघताना नेहमीप्रमाणे हॉलभर वस्तू राहिल्या. दादा परत आत गेला आणि दोन्ही हातांत चष्मे, टिफिन, एक हेल्मेट आणि माझी पर्स घेऊन बाहेर आला. ज्याचं त्याला दिलं. मग मला विचारलं, "दर वेळी यांना इथे कोण आणणार?"

"बाबा बसनं इंदूरपर्यंत येतील. तिथून मी आणेन."

"विसरशील."

"विसरेन."

 "त्या सकाळी मी तुला फोन करत जाईन," तो म्हणाला. सोमवारी तो एकटाच गेला.

*

सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. स्वयंपाकाच्या बाई आता सुट्टी घेत नाहीत, बाबांनी दिली तरी. सकाळी प्रेशरची गोळी घेताना गटातलं कुणीतरी व्हिडिओवर त्यांच्यासमोर बसतं. तरी परवा टाकी वाहिलीच. सहा महिन्यांची तपासणी चैत्रात आहे. डॉक्टर काय सांगतील याची भीती वाटते. आणि त्यामागे आणखी एक भीती उभी असते, जी मी नितीनजवळही बोललेले नाही. मी शहात्तरची होईन तेव्हा माझ्याजवळ कोण बसेल?

मागच्या रविवारी दादाचा फोन आला नाही. मी कापडाच्या ढिगात अडकलेली, माझ्याही लक्षात राहिलं नाही. बाबा इंदूरच्या बसस्टँडवर एका बाकावर बसून राहिले, मोबाइल घरी. मी धावत पोचले तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी शेंगदाणे घेतले होते आणि शेजारच्या कुठल्याशा माणसाला ग्रहणाबद्दल काही सांगत होते.

गाडीत बसतो न बसतो तोच दादाचा फोन आला. मीटिंगच्या गडबडीत राहून गेलं, तो म्हणाला. त्याचा आवाज मी डॉक्टरांच्या खोलीत ऐकला होता तसाच होता. बाबा तिथे एकटे बसून होते का, किती वेळ बसून होते, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मला सांगता येईना. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"असू दे रे," ते म्हणाले. "असं सगळ्यांचंच असतं."

 बोलणं संपलं तरी दादानं फोन ठेवला नाही, आणि बाबांनीही कानावरून काढला नाही.